कीबोर्ड घरी आला, पुढे काय? : वापरणाऱ्यांच्या अनुभवातून एक पाठ



दहावीचा निकाल, वाढदिवस किंवा दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, मुलीला कीबोर्ड घ्यायचाय. कोणता घेऊ?" शाळेतही तेच. लोकवर्गणीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून थोडे पैसे जमले की परिपाठासाठी आणि स्नेहसंमेलनासाठी 'सिंथेसायझर' घ्यायचं ठरतं. दोन-तीन हजारांचं खेळणं नको असतं आणि लाखाचं वाद्य परवडत नसतं. मग दहा ते तीस हजारांच्या मधलं काहीतरी निवडलं जातं. घराला ही रक्कम लहान नाही आणि शाळेला तर मुळीच नाही.

कोणतं मॉडेल घ्यावं, याचं एका नावात उत्तर या लेखात मिळणार नाही. मॉडेलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. पण ज्यांनी असा मधल्या किमतीचा कीबोर्ड घेऊन वर्ष-दोन वर्षं वापरला, त्या पालकांचे, शिक्षकांचे, भजनी मंडळातल्या वादकांचे अनुभव ऐकले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर येतात. त्यांची नीट मांडणी करावी, त्यामागचं शास्त्र समजून घ्यावं आणि वर्गात त्याचा उपयोग कसा होईल तेही पाहावं, एवढा या पाठाचा हेतू आहे.

१. नाव एक, वस्तू दोन

आपल्याकडे पट्ट्यांचं कोणतंही विजेवर चालणारं वाद्य म्हणजे 'कॅसिओ'. झेरॉक्ससारखंच कंपनीचं नाव वस्तूला चिकटलं. कॅसिओ ही मुळात गणकयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली जपानी कंपनी. तिनं १९८० मध्ये 'कॅसिओटोन' हे पहिलं वाद्य बाजारात आणलं. त्यानंतर ही वाद्यं मध्यमवर्गीय घरात पोचली.

'सिंथेसायझर' या शब्दाचा अर्थ मात्र वेगळा आहे. सिंथेसाइझ करणं म्हणजे घटक एकत्र आणून नवं काही तयार करणं. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी विजेच्या दाबावर नियंत्रित होणारं वाद्य बनवलं. त्यात तयार आवाज नव्हते. वादकानं खुंट्या फिरवून, तारा जोडून आवाज स्वतः घडवायचा होता. १९८३ मध्ये यामाहाचा 'डीएक्स-७' आला आणि संगणकीय पद्धतीनं आवाज घडवणारं वाद्य जगभर पसरलं.

आपण दुकानात पाहतो ते बहुतेक 'अरेंजर कीबोर्ड' असतात. त्यात आवाज तयार भरलेले असतात, जोडीला ताल असतात, स्पीकर असतो, शिकण्याचे धडेही असतात. खरा सिंथेसायझर आवाज घडवण्यासाठी असतो. त्यात बऱ्याचदा तयार ताल नसतात आणि स्पीकरही नसतो.

हा फरक माहीत नसला की पहिल्याच दिवशी निराशा होते. खोका उघडला, वाद्य लावलं, पट्टी दाबली आणि आवाजच नाही! कारण वाद्याला स्पीकरच नाही, बाहेरचा जोडायचा आहे. रोलंडचं 'एक्सपीएस-१०' हे ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांमध्ये आवडतं वाद्य आहे, पण त्यालाही स्वतःचा स्पीकर नाही. स्टेजवर वाजवणाऱ्याला त्याची अडचण होत नाही, तो तसाही मोठ्या ध्वनियंत्रणेला जोडणार असतो. पण तिसरीतल्या मुलीच्या घरी हाच मुद्दा मोठा ठरतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाही. वाद्य कोण वाजवणार आणि कुठे वाजवणार, हा आहे.

२. पहिला महिना : आवाजांची जत्रा

घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला महिना सारखाच जातो. पाचशे-सहाशे आवाज आणि दोनशे ताल असतात. मूल एकेक आवाज लावून बघतं. हेलिकॉप्टर, कुत्र्याचं भुंकणं, टाळ्या. घरातले सगळे हौसेनं ऐकतात. आजोबा म्हणतात, "सनई लाव बघू." सनई लागते, पण आजोबांचं समाधान होत नाही. "ही सनई नव्हे रे, पिपाणी आहे."

आजोबांचं म्हणणं खरं आहे आणि त्याला कारण आहे. १९८३ मध्ये 'मिडी' नावाची पद्धत आली, तिच्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी जोडता येऊ लागली. १९९१ मध्ये त्यावर आधारित 'जनरल मिडी' ही १२८ आवाजांची ठराविक यादी ठरली. आजही बहुतेक कीबोर्डांत ती असते. या यादीत १०५ व्या क्रमांकावर सतार आहे, ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. पण आपली हातपेटी नाही आणि तालवाद्यांत तबलाही नाही! भारताच्या वाट्याला दोन आवाज आले, तेही जगाच्या एका यादीत बसवण्यापुरते.

नंतर कंपन्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली. यामाहाच्या 'पीएसआर-आय' मालिकेत तानपुरा आणि तबल्याच्या साथीवर सराव करण्याची 'रियाज' नावाची सोय आहे. कॅसिओच्या काही मॉडेलांच्या नावापुढे 'आयएन' ही अक्षरं असतात, त्यांत भारतीय आवाज आणि ठेके दिलेले असतात. भजन, भावगीत, शालेय समूहगीत हाच वापर असेल तर असं मॉडेल घेतलेले लोक अधिक समाधानी दिसतात. आवाजांची संख्या विचारू नका. "मला लागणारे दहा आवाज यात कसे वाजतात?" हे दुकानात उभं राहून ऐका. वर्षभरानंतर कोणालाही विचारा, रोजच्या वापरात आठ-दहाच आवाज असतात. बाकीची जत्रा पहिल्या महिन्यात उठते.

३. बोटांखालचा अनुभव

महिन्याभरानंतर आवाजाचं कौतुक ओसरतं आणि पट्ट्यांबद्दल बोलणं सुरू होतं. तीन गोष्टी वारंवार ऐकायला येतात.

*पट्टीचा आकार.* छोट्या पट्ट्यांचं वाद्य लहान हाताला सोपं वाटतं, म्हणून पालक ते घेतात. दोन वर्षांत हात वाढतो आणि बोटांना लागलेली अंतराची सवय मोडावी लागते. पेटीवर किंवा पियानोवर बसलं की बोटं चुकतात. पूर्ण आकाराच्या पट्ट्या असलेलं वाद्यच घ्यावं, यावर अनुभवी लोकांचं जवळजवळ एकमत आहे.

*पट्ट्यांची संख्या.* ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं आणि वरचा एक सा. आपल्या हातपेटीला साधारण तीन ते साडेतीन सप्तकं असतात. त्यामुळे भारतीय संगीत शिकणाऱ्याला ६१ पट्ट्या पुरून उरतात. पाश्चात्त्य पियानोच्या वरच्या परीक्षा द्यायच्या असतील तर मात्र ८८ जड पट्ट्यांचं वाद्य लागतं. तो रस्ता वेगळा आणि खर्चही वेगळा.

*दाबाला प्रतिसाद.* याला 'टच रिस्पॉन्स' म्हणतात. हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर मोठा. स्वस्त वाद्यात ही सोय नसते, कसंही दाबा, आवाज तेवढाच. मुलाला 'हळुवार' आणि 'ठाशीव' यांतला फरक बोटानं कळायचा असेल तर ही सोय हवीच. यामागची युक्ती मुलांना सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. दोन्हींच्या मधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे पट्टी वेगानं दाबली गेली, म्हणून आवाज मोठा. म्हणजे यंत्र बोटाचा जोर मोजत नाही, वेग मोजतं. 'वेग = अंतर ÷ वेळ' हे सूत्र असं बोटाखाली सापडतं.

आणखी एक शब्द दुकानात ऐकू येतो, 'पॉलिफनी'. एका वेळी वाद्य किती सूर वाजवू शकतं, तो आकडा. ३२, ४८, ६४, १२८ असे आकडे असतात. "माझी बोटं दहाच, मग ३२ कमी कसे?" असा प्रश्न पडतो. पण साथीचा ताल, बास, मागचे स्वरसमूह हे सगळं त्याच बत्तीसांत मोजलं जातं. पेडल दाबून धरलं तर आधीचे सूरही चालूच राहतात. मर्यादा संपली की जुने सूर आपोआप गळतात. एकट्या पेटीचा आवाज वाजवणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. तालासह गाणं बसवणाऱ्याला जाणवतं.

४. ट्रान्सपोजचं बटण : सोय की सवय?

ज्या मुद्द्यावर वाजवणाऱ्यांचे दोन तट पडतात, तो हा.

आपल्याकडे गायकाची पट्टी विचारायची रीत आहे. "तुमची पट्टी कोणती?" "काळी एक." किंवा "पांढरी चार." पेटीवाला त्या पट्टीला सा मानून वाजवतो. कीबोर्डवर मात्र ट्रान्सपोजचं बटण असतं. ते +१ केलं की पांढरी एक दाबली तरी काळी एकचा सूर येतो. त्यामुळे सगळी गाणी पांढरी एकपासूनच वाजवता येतात. बोटं बदलायची गरजच नाही.

भजनी मंडळात आयत्या वेळी साथीला बसणाऱ्याला हे वरदान वाटतं. गायक बदलला की बटण दाबायचं, झालं. शाळेतही उपयोग मोठा आहे. पाचवीच्या मुलांना एक पट्टी झेपते, नववीच्या मुलांना आवाज फुटल्यावर दुसरी लागते. शिक्षक एकच बोटं ठेवून दोन्ही वर्ग सांभाळू शकतो.

दुसरी बाजू शिकणाऱ्यांची. चार-पाच वर्षं फक्त पांढरी एकपासून वाजवलेलं मूल एक दिवस साध्या हातपेटीवर बसतं. गायक म्हणतो, "काळी एक." आणि मुलाचे हात थांबतात. काळी एकपासून शुद्ध स्वर कसे येतात ते पाहा : सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी वरच्या सप्तकातली पांढरी एक. बोटांना हा रस्ता माहीतच नसतो. स्केल चेंजर पेटी असेल तर वेळ निभावते, पण प्रत्येक ठिकाणी ती मिळत नाही.

मला पटलेला मधला मार्ग असा. कार्यक्रमात बटण वापरा, रियाजात नको. आठवड्यातून एक दिवस 'बटणबंदीचा दिवस' ठेवा. त्या दिवशी एकच सोपं गाणं, समजा राष्ट्रगीत, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांतून वाजवायचं. सहा महिन्यांत मुलाच्या लक्षात येतं की गाणं म्हणजे ठराविक पट्ट्या नाहीत, स्वरांमधली अंतरं आहेत. संगीतातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती बटणानं शिकवली जात नाही.

५. गंधार जरा चढा का लागतो?

गाणं शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना गुरुजी कधीकधी सांगतात, "कीबोर्डवर गळा मिळवू नका, तानपुऱ्यावर मिळवा." पालक गोंधळतात. पंचवीस हजारांचं वाद्य बेसूर कसं असेल?

बेसूर नाही, पण तडजोड केलेलं आहे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीला सा मानलं तरी चालतं. पण कानाला गोड लागणारी नैसर्गिक अंतरं समान नसतात. शुद्ध गंधार हा षड्जाच्या ५/४ पट असतो आणि पंचम ३/२ पट. आता हिशेब करू. मधल्या पांढरी एकची वारंवारता सुमारे २६१.६३ हर्ट्झ.

- पंचम, नैसर्गिक : २६१.६३ × ३/२ = सुमारे ३९२.४४. कीबोर्डवरचा पंचम : ३९२.००. फरक अर्ध्या हर्ट्झहूनही कमी.
- गंधार, नैसर्गिक : २६१.६३ × ५/४ = सुमारे ३२७.०४. कीबोर्डवरचा गंधार : ३२९.६३. फरक अडीच हर्ट्झहून जास्त.

म्हणजे पंचम जवळजवळ बरोबर, पण गंधार चढा. तानपुरा लावून कीबोर्डवर ग धरून ठेवा. किंचित थरथर ऐकू येईल. मग मुलाला तोच ग गळ्यानं, तानपुऱ्यात मिसळेपर्यंत, थोडा खाली आणायला सांगा. थरथर थांबते तो क्षण मुलं विसरत नाहीत.

ही तक्रार नवी नाही. पेटीबद्दलही हेच म्हटलं गेलं. पट्ट्या ठराविक, मींड नाही, श्रुती नाहीत. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला सुमारे तीन दशकं गेली. पण त्याच पेटीवर आपलं नाट्यसंगीत उभं राहिलं आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. मर्यादा ओळखून वाजवलं तर वाद्य उपयोगी पडतं. कीबोर्डवर मींडेसाठी निदान 'पिच बेंड'चं चाक असतं. उजव्या हातानं पट्टी, डाव्या हातानं चाक, असा सराव करून बासरीच्या आवाजात सुरेख मींड काढणारी मुलं आहेत. काही वाद्यांत 'स्केल ट्यूनिंग'ची सोय असते, त्यात एकेक सूर थोडा वरखाली करता येतो. गाणं शिकणारं मूल घरात असेल तर ही सोय आहे का, ते जरूर विचारा.

६. तयार ताल आणि रिकामे कान

"मुलगा छान वाजवतो, पण ताल बंद केला की गाणं कोलमडतं." ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. यंत्राचा ताल कधी थकत नाही, चुकत नाही, थांबतही नाही. मूल त्याच्या आधारावर राहतं, स्वतःची लय तयारच होत नाही.

दुसरा भाग तालाच्या प्रकारांचा. सर्वसाधारण मॉडेलांत चार मात्रांचे पाश्चात्त्य ताल भरपूर असतात. आपला आठ मात्रांचा केरवा त्यांवर कसाबसा बसतो. तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर सहा मात्रांचा दादरा ओढून आणला जातो, पण त्याचा डौल येत नाही. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल शोधूनही सापडत नाहीत. मग हळूहळू असं होतं, की वाद्यात जो ताल आहे त्याचीच गाणी घरात वाजतात. वाद्यानं आपली आवड ठरवू नये, आपण वाद्याचा वापर ठरवावा.

उपाय साधा. आधी हातानं टाळी-खाली, मग साध्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर आणि शेवटी तयार ताल. हा क्रम उलटा करू नका.

७. आवाजाचा पाठ : वर्गातले तीन उपक्रम

शाळेत कीबोर्ड असेल तर तो फक्त संगीताच्या तासाचा नाही. आठवी-नववीच्या विज्ञानात ध्वनीचा भाग आहे. त्यासाठी हे करून पाहा.

*उपक्रम पहिला : वारंवारता.* मधली पांढरी एक वाजवा, मग वरच्या सप्तकातली. पहिली सुमारे २६२ हर्ट्झ, दुसरी सुमारे ५२३. मुलांना विचारा, त्याच्या वरची किती असेल? दुप्पट होत जाणारी ही मालिका मुलं स्वतः पूर्ण करतात. मोबाइलवरचं वारंवारता दाखवणारं अॅप जोडीला असेल तर उत्तर लगेच तपासता येतं.

*उपक्रम दुसरा : आयाम आणि वारंवारता.* तोच सूर हळू आणि जोरात वाजवा. अॅपवरचा आकडा बदलत नाही, आवाजाची पातळी बदलते. 'मोठा आवाज म्हणजे उंच आवाज' हा मुलांचा नेहमीचा घोळ इथे सुटतो.

*उपक्रम तिसरा : आवाजाची घडण.* सूर तोच, पण पेटी, सतार आणि बासरी वेगळी का वाटते? सिंथेसायझरमध्ये आवाजाचे चार टप्पे मानतात : अटॅक म्हणजे आवाज किती झटकन उभा राहतो, डिके म्हणजे पहिला जोर कसा ओसरतो, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून धरल्यावर किती पातळीवर टिकतो आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर किती वेळ रेंगाळतो. तबल्याचा 'ना' झटकन येतो आणि झटकन जातो. बासरी हळू उभी राहते आणि फुंक असेपर्यंत टिकते. तानपुऱ्याची तार छेडली की आवाज लगेच येतो, पण विरायला वेळ घेतो. अटॅक आणि रिलीज बदलण्याची सोय अनेक मधल्या किमतीच्या वाद्यांत असते. बासरीच्या आवाजाचा अटॅक झटपट करा. बासरी बासरी राहत नाही! मुलं हसतात आणि समजतातही. आजोबांना सनई पिपाणी का वाटली, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

८. ऐन कार्यक्रमात होणारे घोळ

शाळांमधले अनुभव ऐकले तर बहुतेक घोळ तीन-चारच आहेत आणि सगळे टाळता येतात.

- *वाद्य आपोआप बंद होतं.* पाहुण्यांचं भाषण लांबतं, स्वागतगीतानंतर कीबोर्ड तसाच पडून असतो. बऱ्याच मॉडेलांत अर्धा तास कोणी हात लावला नाही की वीज वाचवण्यासाठी वाद्य बंद होतं. पुन्हा चालू केलं की निवडलेला आवाज, ताल, ट्रान्सपोज सगळं पुसलेलं असतं. ही सोय मेनूतून बंद करता येते. कार्यक्रमाची मांडणी 'रजिस्ट्रेशन' मेमरीत साठवून ठेवा.
- *वीज जाते.* अनेक मॉडेलांत सहा सेल बसतात. कार्यक्रमाच्या दिवशी नवे सेल घालून ठेवा आणि नंतर आठवणीनं काढा. विसरलेले सेल पाझरून आतले संपर्क गंजल्याची उदाहरणं भरपूर आहेत.
- *माइक समोर धरला जातो.* कीबोर्डच्या स्पीकरसमोर माइक धरण्यापेक्षा हेडफोनच्या छिद्रातून तार काढून मिक्सरला जोडा. तिथे पिन घातली की वाद्याचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, म्हणून वादकाला ऐकू येईल असा एखादा स्पीकर त्याच्याकडे वळवा. पिनेचा आकार आधी तपासा, जाड आणि बारीक असे दोन प्रकार असतात.
- *दुसराच अॅडॅप्टर लावला जातो.* हा घोळ सगळ्यांत महाग पडतो. पिन बसली म्हणजे अॅडॅप्टर चालतो असं नाही. व्होल्ट आणि पिनेचे धन-ऋण ध्रुव कंपनीनुसार वेगळे असू शकतात. मूळ अॅडॅप्टरवर वाद्याचं नाव ठळक लिहून चिकटवा.

९. दोन वर्षांनंतर : निगा

जुन्या वाद्यांचं दुखणं बहुधा धुळीचं असतं. पट्टीखालच्या रबरी संपर्कावर धूळ बसली की एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबूनही एकदम ओरडते. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येते. यातलं बरंचसं साफसफाईनं बरं होतं, त्यासाठी वाद्य टाकून देऊ नये. मात्र ते काम माहितगाराकडूनच करून घ्या.

रोजची काळजी सोपी आहे. वापर झाला की सुती कापड किंवा कव्हर घाला. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, फवारा थेट मारू नका. कोकणात पावसाळ्यात ओल धरते, तिथे वाद्य भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. ओल शोषणाऱ्या पुड्या खोक्यात ठेवा. आणि वाद्यावर चहाचा कप ठेवायची बंदी घरातल्या मोठ्यांनाही लागू करा!

आठवड्यातून दोनदा वाजणारं वाद्य जास्त टिकतं, असं जाणकार मंडळी सांगतात. यंत्राचं मला माहीत नाही, पण मुलाच्या बाबतीत तरी ते खरंच आहे.

१०. घेण्याआधीची यादी

कागदावर लिहून दुकानात न्या.

१. पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि ६१ आहेत का?
२. टच रिस्पॉन्स आहे का?
३. स्वतःचा स्पीकर आहे का? मोठ्या खोलीत पुरतो का?
४. हवे ते आठ-दहा आवाज आणि केरवा, दादरा, भजनी हे ठेके प्रत्यक्ष ऐकले का?
५. पिच बेंड, स्केल ट्यूनिंग आणि पेडलची सोय आहे का?
६. अॅडॅप्टर आणि स्टँड किमतीत आहेत की वेगळे? वेगळे असतील तर एकूण किती?
७. मोबाइल किंवा संगणकाला यूएसबीनं जोडता येतो का?
८. दुरुस्तीचं केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का?

जुनं वाद्य घेत असाल तर एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या आधी हळू आणि मग जोरात वाजवून बघा. प्रत्येक बटण, चाक आणि हेडफोनचं छिद्र तपासा. मूळ अॅडॅप्टर नसेल तर भाव कमी करायला सांगा.

शेवटी एक महत्त्वाचं

मधल्या किमतीच्या या वाद्यांबद्दलचा सगळ्यांत वाईट अनुभव कोणत्याही बिघाडाचा नाही. तो कुलपाचा आहे. घरात "महाग आहे, हात लावू नको" आणि शाळेत "मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, २६ जानेवारीला काढू". वर्षातून दोनदा निघणारं वाद्य कोणाचंच होत नाही. ज्या शाळेत ते मधल्या सुट्टीत पाच-पाच मुलांच्या गटाला मिळतं, तिथे पट्ट्या लवकर झिजतील हे खरं. एखादी मुकीही होईल. पण ज्या मुलाच्या घरी असं वाद्य कधीच येणार नाही, त्याला पहिला सा सापडण्याची जागा ती एकच आहे. पट्टी पुन्हा बसवता येते, पण मुलाचं ते वय परत येत नाही.

म्हणून खरेदीच्या पावतीबरोबरच एक वेळापत्रकही करा : कोण, कधी, किती वेळ वाजवणार. घरी रोज वीस मिनिटं, शाळेत गटवार पाळी. वेळापत्रक तयार नसेल तर खरेदी महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल.

पालक व शिक्षकांसाठी स्वाध्याय

- आपल्या घरातल्या किंवा शाळेतल्या कीबोर्डवर गेल्या महिन्यात कोणते आवाज वापरले? यादी करा.
- मुलाला तयार ताल बंद करून एक गाणं वाजवायला सांगा. लय कुठे ढळते ते फक्त ऐका, लगेच टोकू नका.
- तानपुरा लावून मुलासोबत पंचम आणि गंधार तपासा. फरक कोणाला आधी ऐकू आला, तुम्हाला की मुलाला?

बहुतेक घरांत तो आधी मुलालाच ऐकू येतो. करून पाहा.